शिरेतली गुठळी कोड करताना

विश्रामबागेतल्या घरी बसून मी रात्रपाळीत अमेरिकेतल्या पेशंटांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला तिथल्या आयसीडी-१०-सीएम या पुस्तकातला क्रमांक लावते. नवी पोरं विचारतात, "मॅडम, डीव्हीटीला कोड कुठला?" डीव्हीटी म्हणजे खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी. मी उलट विचारते, शीर कुठली, पाय कुठला, गुठळी ताजी की जुनी?

समजा, डॉक्टरांनी लिहिलंय, 'डाव्या फेमोरल व्हेनमध्ये ॲक्यूट थ्रॉम्बस', म्हणजे डाव्या मांडीतल्या शिरेत ताजी गुठळी. पायाच्या खोल शिरांतल्या ताज्या गुठळीचं घर आय८२.४. पुढचा अंक शिरेचा: १ फेमोरल, २ इलियाक, ३ पॉप्लिटियल, ४ टिबियल. शेवटचा बाजूचा: १ उजवी, २ डावी, ३ दोन्ही. झाला आय८२.४१२. बाजूच्या जागी ९, म्हणजे 'बाजू माहीत नाही', टाकायची वेळ आली, तर आधी चार्ट पुन्हा चाळा. बाजू बहुतेकदा तपासणीच्या नोंदीत कुठंतरी दडलेली असते.

'सुपरफिशियल फेमोरल' या नावाला भुलू नका. नाव वरवरचं, शीर मात्र खोल. तीही आय८२.४१ मध्येच जाते. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्यानं कोडरांचा विचार केला नव्हता.

खरी गोची ताज्या-जुन्याची. नुसतं 'डीव्हीटी' लिहिलं असेल तर पुस्तकाची सूची, म्हणजे इंडेक्स, तुम्हाला थेट ॲक्यूटमध्ये नेऊन सोडतो. पहिल्या वर्षी मी तशीच फसले. पेशंट वॉरफरिनवर, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या गोळीवर होता, वर डीव्हीटी लिहिलेलं. मी ॲक्यूट लावून मोकळी. ऑडिटरनं चार्ट परत पाठवला. खाली एका ओळीत होतं: दोन वर्षांपूर्वीची गुठळी विरघळलीय, गोळी पुन्हा होऊ नये म्हणून. म्हणजे पूर्वेतिहासाचा झेड८६.७१८, सोबत गोळीचा झेड७९.०१. गोळी चालू आहे म्हणजे गुठळी आहेच, असं नाही. जुनी गुठळी अजून शिरेत असेल आणि डॉक्टर 'क्रॉनिक' म्हणत असतील, तर आय८२.५.

किती दिवसांनी ताजीची जुनी होते, हे आपण ठरवायचं नाही. संशय आला तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, टाका, पण 'ॲक्यूट लिहा' असं सुचवू नका. 'ॲक्यूट, क्रॉनिक, पूर्वी होऊन गेलेली, की आणखी काही?' एवढंच विचारा.

ओपीडीत 'प्रॉबेबल डीव्हीटी', म्हणजे 'बहुधा डीव्हीटी', असेल तर गुठळीचा कोड नाहीच. पाय दुखतोय, सुजलाय, तेवढंच कोड करा. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला तेच 'प्रॉबेबल' राहिलं, तर मात्र आजार धरून कोड लागतो.

मिरजेत एका हॉस्पिटलच्या रेकॉर्डला असलेली माझी मैत्रीण हीच गुठळी डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, आयसीडी-१० पुस्तकातून आय८० मध्ये घालते. तिच्या कोडला डावा-उजवा पाय नसतोच, म्हणून तिचं पुस्तक माझ्या टेबलावर नको.