एआरने घर पाहण्याआधीची तयारी

वयस्कर किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसाठी घरात काय बदलायचं, हे एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) ॲपने आधी पाहता येतं: कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या खोलीत ते आभासी वस्तू ठेवून दाखवतं. त्यासाठी फोन पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक जवळ ठेवा. एआर चालू असताना कॅमेरा आणि प्रोसेसर एकदमच राबतात. फोन तापला की चित्र अडखळतं. लेन्स पुसून घ्या. स्टीलची मेजरिंग टेप, मास्किंग टेप, वही आणि मदतीला दुसरा माणूस हवा. स्क्रीनकडे बघत मागे सरकणाराच ठेचकाळतो, त्यामुळे फोन वयस्कर व्यक्तीच्या हाती देऊन तिला घरभर फिरवू नका.

पाहणी दिवसा आणि सगळे दिवे लावून करा. ॲप पृष्ठभाग ओळखतं ते त्यावरच्या खुणांवरून. कोरी पांढरी भिंत, चकचकीत फरशी, आरसा, शॉवरची काच इथे ते हमखास गोंधळतं. भिंतीवर आणि फरशीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवा, आरशावर चादर टाका. लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) असलेला फोन कोऱ्या भिंतीपुढे कमी अडतो, पण त्याचा पल्ला साधारण 5 मीटर, आणि काच त्यालाही चकवते.

सर्वाधिक वेळ बाथरूमला राखून ठेवा. आधारदांडीची रूढ उंची जमिनीपासून 84 ते 91 सें.मी.; ती फक्त सुरुवात समजा. त्या व्यक्तीला कमोडवरून दोन-तीनदा उठबस करायला सांगा, हात आपसूक जातो तिथे टेप लावा आणि आभासी दांडी त्या खुणेवर बसवा. स्क्रीनवर दांडी कुठल्याही भिंतीवर शोभून दिसते. आतून पोकळ वाजणारी टाइल किंवा मागून गेलेला पाइप मात्र ॲपला दिसत नाही, म्हणून भिंत ठोकून बघा. टॉवेलच्या दांडीवर तर भरवसा नकोच. खऱ्या आधारदांडीने 110 किलोच्या वर भार पेलायला हवा.

दाराची मोकळी रुंदी दार 90 अंशांत उघडून, दाराच्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. व्हीलचेअरसाठी ती किमान 81 सें.मी. हवी. ॲपचा आकडा एक-दोन सें.मी. सहज चुकतो आणि चाक नेमकं तेवढ्यातच अडकतं, तेव्हा इथे अंतिम शब्द स्टीलच्या टेपचा.

एआर खरं कामी येतं ते फर्निचर हलवताना. जमिनीवर 150 सें.मी. व्यासाचं आभासी वर्तुळ ठेवा. त्याच्या आत येणारी प्रत्येक वस्तू व्हीलचेअर वळवताना आड येणार. दृश्य बंद करण्याआधी मापं दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पुन्हा उघडल्यावर वस्तू सरकलेल्या दिसू शकतात, त्यामुळे भिंतीवरच्या खुणा सुतार येईपर्यंत काढू नका.