ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम दिव्यांग खेळाडूंसाठी खुला कसा करावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली प्रकाशित झाला, तेव्हा त्याला माणसे, कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच लागत असे. खेळ चालवणारा गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जिथे शंका असेल तिथे फासा निकाल देतो. असे खेळ डिस्कॉर्ड या बोलण्या-लिहिण्याच्या ऑनलाइन ॲपवर रंगू लागल्यापासून घराबाहेर पडणे ज्यांना अवघड आहे त्यांच्यासाठी ते जवळ आले. पण या ऑनलाइन खेळांसोबत रंगीत नकाशे आणि भराभर सरकणारे चॅटही आले, आणि काही खेळाडू दाराशीच अडले. हे अडथळे दूर करण्यासाठी गेम मास्टरला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

पहिल्या खेळाच्या आठवडाभर आधी प्रत्येक खेळाडूला खासगीत विचारावे, आणि सर्वांनाच विचारावे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदलेले आहेत आणि त्यांतले कित्येक पाहून कळत नाहीत. ‘तुला काय झाले आहे?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर आपल्या कामाचे नसते. ‘खेळताना वाचणे, ऐकणे, टाइप करणे किंवा लक्षात ठेवणे यांपैकी कशाचा त्रास होतो, आणि एरवी तू कोणते साधन वापरतोस?’ असे विचारावे.

त्यानंतर कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती आणि आकडे असलेला तक्ता, हाती घ्यावी. चौकटींनी भरलेली पीडीएफ दिसायला देखणी असते, परंतु स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, ती अनेकदा उलटसुलट क्रमाने वाचतो. तोच मजकूर साध्या डॉक्युमेंटमध्ये, मेनूतली खरी हेडिंग (मथळा) शैली वापरून लिहावा. नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केल्याने हेडिंग होत नाही. खरी हेडिंग असतील तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा खेळाडू वेब पानावर ‘एच’ ही एकच कळ दाबत ‘शस्त्रे’पासून ‘मंत्रां’पर्यंत पोहोचतो. लढाईत सतत लागणारे आकडे सर्वांत वर ठेवावेत.

नकाशाची पायरी मी स्वतः चुकलो होतो. एका किल्ल्याचा नकाशा मी दोन रात्री जागून काढला आणि खेळात ‘शत्रू इथे आहे, तुम्ही तिकडे आहात’ असे बोट दाखवल्यासारखे बोलत राहिलो. आमच्यातला अंध मित्र अर्धा तास गप्प होता, कारण त्याच्यापुढे ना ‘इथे’ होते ना ‘तिकडे’. आता मी असे सांगतो: ‘तू दारात उभा आहेस. समोर ३० फुटांवर विहीर आहे. विहिरीच्या डाव्या हाताला दोन पहारेकरी आहेत, जवळच्याच्या हातात भाला आहे.’ आधी खेळाडूची जागा, मग अंतर, मग दिशा, हा क्रम कधीही बदलू नये. नकाशा ठेवायचाच असेल तर शत्रू लाल आणि मित्र हिरवे एवढ्यावर भागवू नये. रंगांधत्व असलेल्या बहुतेकांना नेमके हेच दोन रंग वेगळे ओळखणे अवघड जाते. सोंगट्यांवर आकडे घालावेत.

सर्वांत जास्त लक्ष चॅटकडे द्यावे, कारण तिथला अडथळा डोळसांच्या ध्यानातच येत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या कानात गेम मास्टरचे बोलणे आणि चॅटचे वाचन एकाच वेळी पडत असते. कथा ऐन रंगात आली असताना कोणी हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली, तर त्या मित्राला त्या चेहऱ्यांची नावे एकामागून एक ऐकावी लागतात आणि तेवढी कथा निसटते. म्हणून गप्पांसाठी एक चॅनेल आणि खेळासाठी दुसरे ठेवावे, गेम मास्टर बोलत असताना खेळाच्या चॅनेलमध्ये काही लिहू नये, सजावटीच्या रेघा आणि नक्षीदार अक्षरे वगळावीत आणि प्रत्येक चित्रासोबत दोन ओळींचे वर्णन जोडावे. फाशाचा निकालही ‘१७ अधिक ४, एकूण २१’ असा मजकुरात उमटावा. फासा गडगडतानाचे चित्र नसले तरी चालते.

हातांची हालचाल मर्यादित असलेल्या खेळाडूला बोलण्यासाठी कळ दाबून धरायला लावू नये; आवाज ओळखून माइक सुरू होण्याची सोय डिस्कॉर्डमध्ये आहे. एका बटणाच्या मदतीने अक्षर-अक्षर निवडणाऱ्याला एक वाक्य लिहायला काही मिनिटे लागू शकतात, त्यामुळे ‘आणखी दोघांनंतर तुझी पाळी’ असे आधीच सांगावे. त्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये. पात्र त्याचे आहे आणि निर्णयही त्याचाच असला पाहिजे. बोलणे अवघड असेल तर त्याने लिहावे आणि गेम मास्टरने ते जसेच्या तसे वाचून दाखवावे.

कर्णबधिर खेळाडूसाठी कॅप्शन (बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवण्याची सोय) सुरू असलेला व्हिडिओ कॉल घ्यावा आणि एका वेळी एकानेच, आधी आपले नाव सांगून, बोलावे. कल्पित राज्यांची आणि राक्षसांची नावे कॅप्शनमध्ये हमखास बिघडतात, म्हणून त्यांची यादी आधीच द्यावी. नुसता ‘मागून पावलांचा आवाज आला’ असा इशारा तोंडी सुटला, तर तो लगेच लिहूनही टाकावा.

थकवा आणि विसर यांचाही विचार करावा: दर ५० मिनिटांनी विश्रांती घ्यावी आणि मागच्या भागाचा पाच ओळींचा सारांश आदल्या दिवशी पाठवावा.

खरा खेळ सुरू करण्यापूर्वी २० मिनिटांची एक चाचणी घ्यावी. तीत लढाई नको. प्रत्येकाने चॅनेलमध्ये यावे, शीटमधला एक आकडा शोधून सांगावा, फासा टाकावा आणि बंद दार उघडून आत काय आहे ते विचारावे. जो जिथे अडकेल तिथेच थांबून ती गोष्ट बदलावी, आणि मग त्याच खेळाडूला ते दार पुन्हा उघडायला सांगावे.