परप्रांतीय पेशंट आला की या चुका टाळा

दर वर्षी गोव्यातल्या आमच्या हेल्थ सेंटरला नवीन मुलंमुली जॉइन होतात आणि दर वर्षी त्याच चुका, म्हणून एकदाचं लिहून टाकते. लेबर बागलकोटचा असो, गदगचा असो नाहीतर झारखंडचा, तो ओपीडीत शिरला की आपला आवाज चढतो. मोठ्याने बोललेली कोंकणी कानडी माणसाला जास्त कळते असं यांना कोण शिकवतं देव जाणे.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मुकादमाला विचारणं. बाई समोर बसलीय आणि प्रश्न मुकादमाला, उत्तरंही तोच देणार, त्याला घाई कारण साइटवर स्लॅब टाकायचाय. अशीच एक तापाची बाई आली, टेस्टमध्ये व्हायवॅक्स मलेरिया निघाला, मुकादम म्हणाला बाकी काय त्रास नाय, झालं, क्लोरोक्विन आणि 14 दिवसांचं प्रायमाक्विन लिहून मोकळे. मी औषधांच्या खिडकीवरच पाकीट धरून ठेवलं आणि कानडी येणाऱ्या आमच्या अटेंडंटला म्हटलं, हिला आत ने आणि पाळी विचार. तिसरा महिना चालू होता! गरोदर बाईला प्रायमाक्विन द्यायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण विचारलंच नाही तर पाठांतराचा उपयोग काय, आणि मुकादमासमोर ती सांगणार तरी कशी?

माझा नियम साधा आहे, मुकादम बाहेर बाकावर. रागावतो, रागावू दे. शाळकरी पोरालाही आईचं दुभाषी करू नका. फोनवरचं ट्रान्सलेट अ‍ॅप गोळी जेवणाआधी की नंतर एवढ्यापुरतं ठीक, पण दोन मिनिटं वाचवायला त्याच्यावर हिस्ट्री घेणाऱ्यांना मी सरळ ओरडते. पाच-सहा कानडी वाक्यं शिका, "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) म्हटलं तरी माणूस बोलायला लागतो.

दुसरी आवडती चूक, टीबीचा पेशंट दिसेनासा झाला की "हे लोक असेच, पळाले" म्हणून रजिस्टरात शेरा. अरे, जूनमध्ये पाऊस लागला की बांधकामं थांबतात, मग तो गावी शेतीवर जाणार नाही तर काय खोलीचं भाडं भरत बसेल? गणेशचवथीला अख्खा गोवा गायब असतो तेव्हा आपल्याला कोण डिफॉल्टर म्हणतं? उपचार किमान सहा महिने चालतात, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा गावी कधी जाणार, जाण्याआधी हातात गोळ्या द्या आणि निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, गावाकडे ट्रान्सफर करा. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने दोन नंबर लिहून ठेवते, एक त्याचा आणि एक गावातल्या कुणाचा तरी, कारण सिम बदलतं पण गावचा काका बदलत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

आधार आधी आणि ताप नंतर, असं करू नका. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटलात 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना फी लागते ते खरं, पण मलेरियाची टेस्ट आणि टीबीच्या गोळ्या सरकारी केंद्रात सगळ्यांना फुकट आहेत.

"उद्या या" म्हणताना त्याची उद्याची हजेरी बुडते हे लक्षात ठेवा.

मजुरांच्या हेल्थ कार्डासाठी रक्त तपासायला रांगेत बोटं टोचताना कशासाठी टोचतोय ते सांगा.

बाळाचं लसीचं कार्ड दुसऱ्या राज्याचं असलं तरी चालतं, पहिल्यापासून सुरू करू नका, राहिलेल्या डोसपासून पुढे द्या. कार्ड हरवलं म्हणाली तर डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघा आणि तिच्या गावच्या आशाला फोन लावा, बहुतेक वेळा ती उचलते.