शेतीविमानातून फवारणी: नव्याने येणाऱ्यांनी आधी काय शिकावं

या कामात आधी हवेतून पिकाची चित्रं घेऊन नकाशा करतात आणि त्यावरून कुठे फवारायचं ते ठरतं. म्हणून नवे लोक आधी कॅमेऱ्याच्या मागे लागतात. शिकायला घ्यावं ते नोझल, म्हणजे फवारा सोडणारी तोटी. चित्रातल्या एका ठिपक्यात काही सेंटिमीटर जमीन असते. पण ताशी 220 किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला 61 मीटर कापतं. फवारा सोडणारी झडप एक सेकंद उशिरा उघडली, तर तेवढी पट्टी कोरडीच राहते. म्हणून हा विलंब मोजून यंत्रणेत भरायचा, आणि नकाशातले बारीकसारीक तुकडे जोडून फवारणीचे मोठे भाग पाडायचे.

हिशोब तोंडपाठ हवा: हेक्टरी लिटर × ताशी किलोमीटर × पट्ट्याची (एका फेरीत फवारल्या जाणाऱ्या जागेची) रुंदी मीटरमध्ये ÷ 600 = मिनिटाला लिटर. हेक्टरी 30 लिटर, वेग 220, पट्टा 20 मीटर धरला तर मिनिटाला 220 लिटर. आधी साध्या पाण्यावर तपासा. उड्डाणरेषेला आडवे पिवळे जलसंवेदी कागद मांडा. थेंब पडेल तिथे निळा डाग उमटतो आणि पट्टा कुठे विरळ झाला ते दिसतं.

नोझल सरळ मागे वळलेलं असेल तर थेंब जाड राहतो. खाली वळवलं की समोरून येणारी हवा तो फोडते आणि बारीक थेंब शेजारच्या शेतात जातात. बूम (नोझल बसवलेली आडवी नळी) पंखाच्या टोकापर्यंत नेला तरी तेच, कारण तिथल्या भोवऱ्यात फवारा वर ओढला जातो. पहाटेची निवांत हवा तर जास्तच फसवी! धूर वर न जाता आडवा पसरत असेल, तर जमिनीलगत थंड हवेचा थर अडकलेला आहे. त्यात बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूर जातात. अशा वेळी थांबायचं.

छायाचित्रणाचं तंत्र त्यामानाने लवकर जमतं. ऊन माथ्यावर असताना उडायचं, आधी व नंतर परावर्तन-फलकाचा (किती प्रकाश परततो हे माहीत असलेल्या फलकाचा) फोटो घ्यायचा, चित्रं 75 ते 80 टक्के एकमेकांवर यायला हवीत. दाट पिकात एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा चित्रावरून काढलेला आकडा, एका पातळीला अडकतो. तिथे रेड एज, म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या मधला भाग टिपणारं चित्र वापरा. नकाशा जागा दाखवतो, कारण नाही. पिवळा भाग पाणी साचल्याने की नत्र कमी पडल्याने, हे शेतात उतरूनच कळतं.

नवख्याला पहिलं काम बहुधा टाकी धुण्याचंच मिळतं. तीनदा धुवा, बूमच्या टोकांची झाकणंही उघडा. तणनाशक तिथेच साचून राहतं आणि पुढच्या पिकावर जातं.