रशियातला निवडणूक निकाल कसा वाचावा

मी आंतरराष्ट्रीय पान लावतो. रशियन वाचता येतं म्हणून तिथली निवडणूक कायम माझ्याच टेबलावर येते. दर वेळी कोणीतरी विचारतंच, ‘जिंकणार कोण ते ठाऊक आहे, मग तू रात्रभर बघतोस काय?’ नव्याने डेस्कवर आलेल्यांसाठी आणि ज्यांना हा प्रश्न पडतो त्या सगळ्यांसाठी उत्तर इथे लिहून ठेवतो. दूमाची, म्हणजे रशियन संसदेच्या खालच्या सभागृहाची, मुदत 5 वर्षांची आहे आणि मागची निवडणूक 2021च्या सप्टेंबरात झाली, तेव्हा पुढची पाळी 2026च्या सप्टेंबरात.

पहिली सूचना: विजेत्याची टक्केवारी सगळ्यात शेवटी वाचा. तिथे मतदानाने सरकार बदलत नाही. दुसरा पर्यायच नाही, हे लोकांना आणि त्याहून जास्त राज्यपालांना, महापौरांना, मुख्याध्यापकांना पटवून देण्यासाठी ते घेतलं जातं. म्हणून आकड्यात जनमत शोधत बसू नका, तो आकडा आणायला किती खटपट करावी लागली ते शोधा. जिथे खटपट जास्त, तिथे धास्ती जास्त.

आधी मतपत्रिका

निकालाच्या किमान दोन महिने आधी वही उघडा आणि मतपत्रिकेवर कोण नाही ते लिहून काढा. अध्यक्षपदासाठी नियम असा, की दूमात असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला सह्या लागत नाहीत, बाहेरच्या पक्षाला 1 लाख आणि अपक्षाला 3 लाख सह्या लागतात. त्यातल्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त सदोष ठरल्या की अर्ज बाद. सदोष काय ते निवडणूक आयोगच ठरवतो. 2024मध्ये युद्धाच्या विरोधात बोलणारे बोरिस नादेझ्दिन यांच्या 9 हजारांहून जास्त सह्या अशाच काढून टाकल्या गेल्या. येकातेरिना दुन्त्सोवा तर सह्या गोळा करण्यापर्यंतही पोचल्या नाहीत, कागदपत्रांतल्या चुका दाखवून त्यांना डिसेंबर 2023मध्येच परत पाठवलं. 2018मध्ये विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांना फौजदारी शिक्षेचं कारण देऊन रोखलं होतं. मार्च 2024मध्ये पुतिन यांना 87.28 टक्के मिळाले, ही बातमी या तीन नावांशिवाय छापली तर ती अर्धीच बातमी.

उलटं उदाहरणही लक्षात ठेवा. 2013च्या मॉस्को महापौर निवडणुकीत नवाल्नींना उभं राहू दिलं. त्यासाठी लागणाऱ्या नगरसेवकांच्या सह्या कमी पडत होत्या, तर सत्ताधारी पक्षाच्याच नगरसेवकांनी त्या भरून दिल्या, कारण महापौर सर्गेई सोब्यानिन यांना खऱ्याखुऱ्या लढतीत जिंकल्याचं दाखवायचं होतं. नवाल्नींना 27.24 टक्के मिळाले आणि सोब्यानिन 51.37 टक्क्यांवर, दुसऱ्या फेरीपासून थोडक्यात वाचले. त्यानंतर नवाल्नींना पुन्हा कुठल्याच मतपत्रिकेवर येऊ दिलं नाही.

ज्याला थेट काढता येत नाही, त्याच्याभोवती गर्दी करतात. नावसाधर्म्याचा उमेदवार ही युक्ती आपल्या वाचकाला नवी नाही, पण सेंट पीटर्सबर्गने 2021मध्ये तिची हद्द केली. शहराच्या विधानसभेसाठी याब्लोको पक्षाचे बोरिस विश्नेव्स्की उभे होते. त्यांच्या मतदारसंघात आणखी दोन बोरिस विश्नेव्स्की निघाले. दोघांनी नाव बदलून घेतलं होतं आणि केंद्रावर लावलेल्या फोटोंत तिघांचीही दाढी पांढरी, कपाळ मोठं. खरे विश्नेव्स्की त्या मतदारसंघात हरले. हा फोटो संग्रहात असू द्या, हजार शब्द वाचतात.

कधीकधी मात्र हरायला माणूसच मिळत नाही. कोस्त्रोमा प्रांतातल्या पोवालिखिनो गावात 2020मध्ये प्रमुखांविरुद्ध कोणी उभं राहीना. म्हणून कार्यालय झाडणाऱ्या बाईंचा अर्ज भरला आणि गावाने त्यांनाच निवडून दिलं.

पक्ष किती आणि कसले

इथे फार वेळ घालवू नका. दूमात 450 जागा आणि पाच पक्ष. युनायटेड रशिया हा सत्तेचा. कम्युनिस्ट, एलडीपीआर, जस्ट रशिया आणि 2020मध्ये काढलेला न्यू पीपल हे सभागृहातले विरोधक. ते पेन्शनवर, भाववाढीवर बोलतात, पण क्रेमलिनच्या मुख्य निर्णयाला आडवे जात नाहीत. त्यांची मतं मोजताना एवढं ध्यानात ठेवा, की कम्युनिस्टांना पडणारं प्रत्येक मत कम्युनिस्टाचं नसतं. नवाल्नींच्या ‘स्मार्ट व्होटिंग’ने सत्ताधाऱ्यासमोर जो कोणी सगळ्यात बळकट असेल त्याला मत द्या असं सांगितलं, आणि 2019मध्ये मॉस्को शहर दूमाच्या, म्हणजे शहराच्या विधानसभेच्या, 45पैकी 20 जागा अशा उमेदवारांनी घेतल्या. म्हणून 2021मध्ये ‘स्मार्ट व्होटिंग’च्या ॲपवर एवढी खुन्नस निघाली, की मतदानाच्या पहिल्याच दिवशी ॲपल आणि गूगलने ते आपल्या दुकानांतून काढलं.

पक्षांपेक्षा नियमाकडे बघणं फायद्याचं. माझी आवडती जोडी देतो. युनायटेड रशियाला 2011मध्ये 49.32 टक्के मतं मिळाली आणि 238 जागा. 2021मध्ये 49.82 टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच, आणि जागा 324. मधल्या काळात निम्म्या जागा पुन्हा एकसदस्यीय मतदारसंघांना दिल्या होत्या. तिथे विरोधी मतं फुटतात आणि 225पैकी 198 जागा एकट्या सत्ताधारी पक्षाकडे जातात. मतदार तेवढेच, फक्त गणित बदललं.

आता तक्ता

रात्रीचं खरं काम हे. रशियात 11 कालविभाग आहेत. कामचात्का आणि चुकोत्काची मोजणी सुरू होते तेव्हा कालिनिनग्रादला अजून मतदान चालू असतं. तासातासाला स्क्रीनशॉट घेत चला. सप्टेंबर 2018मध्ये अतिपूर्वेकडच्या प्रिमोर्ये प्रांतात राज्यपालपदाच्या दुसऱ्या फेरीत कम्युनिस्ट इश्चेन्को 95 टक्के मोजणीपर्यंत चांगले पुढे होते, आणि शेवटच्या काही केंद्रांत, मुख्यतः उस्सुरिस्क शहरात, सत्ताधारी तारासेन्को अचानक वर आले. लोकांकडे तासातासाचे आकडे होते म्हणून बोभाटा झाला आणि आयोगाला निकाल रद्द करावा लागला. नव्याने घेतलेल्या निवडणुकीत इश्चेन्कोंना उभंच राहू दिलं नाही, हेही त्याच बातमीत लिहायचं.

देशात 90 हजारांहून जास्त मतदान केंद्रं आहेत आणि प्रत्येकाचे आकडे आयोग स्वतः प्रसिद्ध करतो: नोंदणीकृत मतदार, दिलेल्या मतपत्रिका, कोणाला किती. एखादं शहर निवडा. प्रत्येक केंद्राचं मतदानाचं प्रमाण आडव्या अक्षावर आणि विजेत्याचा वाटा उभ्या अक्षावर घ्या. मोजणी सरळ असली की ठिपक्यांचा एक दाट पुंजका दिसतो. त्यातून उजवीकडे वर, शंभराच्या कोपऱ्याकडे लांब शेपूट निघाली, तर समजायचं की मतदानाचं प्रमाण वाढलं आणि वाढीव मतं जवळजवळ सगळी एकाच पेटीत गेली. सर्गेई श्पिल्किन या भौतिकशास्त्रज्ञाने ही पद्धत वर्षानुवर्षं वापरली. त्याच्या हिशेबाने 2021मध्ये युनायटेड रशियाच्या मतांपैकी निम्म्याच्या आसपास मतं अशा शेपटीतली होती.

इथे घाई करू नका. शेपूट दिसली की चोरी सिद्ध झाली असं नाही. लहान गावांत मतदान मुळातच जास्त होतं, लष्करी छावणीत आणि रुग्णालयातही. म्हणून एकाच शहरातली शेजारशेजारची केंद्रं ताडून बघा: दोन चौक सोडून मतदान 35वरून 85 टक्क्यांवर का जावं? दुसरी खूण गोल आकड्यांची. 75, 80, 85, 90 अशा टक्क्यांवर केंद्रांचे उंचवटे दिसतात, कारण वरून लक्ष्य येतं आणि खालचा माणूस ते नेमकं गाठून देतो. फक्त 50-60 मतदारांची केंद्रं यातून वगळा, लहान संख्यांत गोल टक्के आपोआपही पडतात. सारातोवमध्ये 2016 साली शंभराहून जास्त केंद्रांवर युनायटेड रशियाला 62.2 टक्केच मिळाले होते. हे बघायला आलेखही लागत नाही, नुसता रकाना क्रमाने लावा.

2021मध्ये आयोगाच्या संकेतस्थळावर आकडे पडद्यावर नीट दिसत, पण कॉपी केले की कचरा उतरायचा. प्रोग्रामरांनी ते कोडं थोड्याच दिवसांत सोडवलं. आकडे लपवायला एवढी मेहनत घेतली, ही माझ्या लेखी त्या वर्षीची मोठी बातमी होती. तेव्हा मिळेल ते पहिल्याच रात्री उतरवून ठेवा.

चेचन्याचे आकडे वेगळ्या पानावर लिहा. 2012मध्ये तिथे पुतिन यांना 99.76 टक्के मिळाले. त्यातून प्रांतप्रमुखाची निष्ठा कळते, त्यापलीकडे काही नाही. जास्त बोलकं आहे मॉस्को. डिसेंबर 2011च्या दूमा निवडणुकीनंतर बोलोत्नाया चौकात आणि साखारोव्ह मार्गावर हजारो माणसं उतरली. सरकारी वाहिनीने रोस्तोव प्रांताचा निकाल दाखवताना पक्षांच्या टक्क्यांची बेरीज 146 झाली होती, तोच आकडा लोकांनी फलकांवर लिहून आणला. तीन महिन्यांनी, मार्च 2012च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, मॉस्कोच्या आलेखातली शेपूट आखडली आणि पुतिन यांना राजधानीत 46.95 टक्केच पडले. 2024मध्ये त्याच शहरात अधिकृत आकडा 85च्या घरात होता. मधल्या काळात केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचं सर्वांसाठीचं प्रक्षेपण बंद झालं, मतदान तीन दिवसांवर गेलं आणि ऑनलाइन मत आलं.

ऑनलाइन मताला आलेख लागू पडत नाही, कारण तिथे शेजारची केंद्रंच नसतात. म्हणून कागदी मत आणि ऑनलाइन मत यांची बेरीज करण्याआधी दोन्ही वेगळी लिहा. 2021मध्ये मॉस्कोत कुंत्सेवो मतदारसंघात गणिताचे प्राध्यापक मिखाइल लोबानोव्ह कागदावर टीव्ही निवेदक येव्गेनी पोपोव्ह यांच्या पुढे होते. ऑनलाइन आकडे उशिरा आले आणि पोपोव्ह जिंकले. शहरातल्या 15ही जागांवर महापौरांना हवे तेच निवडून आले. शुक्रवार मतदानाला जोडण्याचा हेतू तर उघड आहे: त्या दिवशी सरकारी पगारावरचा माणूस कामावर असतो, साहेबाच्या नजरेसमोर.

रस्त्यावर कोण आहे

निरीक्षकांची मदत आता मिळणार नाही हे गृहीत धरा. गोलोस या संघटनेने वर्षानुवर्षं गैरप्रकारांचा नकाशा चालवला. तिचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यान्त्स यांना ऑगस्ट 2023मध्ये अटक झाली, मे 2025मध्ये 5 वर्षांची शिक्षा झाली आणि पाठोपाठ संघटनेने काम थांबवलं.

निदर्शनांच्या बातमीत गर्दीचे आकडे दोन्ही बाजूंचे द्या. 10 ऑगस्ट 2019च्या मॉस्कोतल्या सभेला पोलिसांनी 20 हजार म्हटलं, प्रवेशाच्या कमानींपाशी उभं राहून मोजणाऱ्या स्वयंसेवकांनी 50 हजारांच्या आसपास. ताब्यात घेतलेल्यांची संख्या ओव्हीडी-इन्फो ही मानवाधिकार संघटना देते, ती वापरा.

पण 2022नंतर मोठ्या सभा शोधत बसलात तर ‘रशियात सगळं शांत’ असा चुकीचा मथळा द्याल. सभेसाठी आगाऊ सूचना द्यावी लागते आणि परवानगी मिळत नाही. कोविड ओसरल्यावरही बंदीला कोविडचंच कारण दिलं जायचं. एकट्याने फलक धरून उभं राहायला कायद्याने सूचना लागत नाही, तरी कोरा कागद धरणाऱ्यांनाही उचललं आहे. म्हणून लोक जिथे कायदेशीरपणे गोळा होऊ शकतात तिथे बघा. खाबारोव्स्कमध्ये 2020 साली लोकप्रिय राज्यपाल फुर्गाल यांच्या अटकेनंतर लोक चौकात ‘कबुतरांना दाणे घालायला’ जमत. जानेवारी 2024मध्ये नादेझ्दिनसाठी सही करायला थंडीत रांगा लागल्या. 17 मार्चला नवाल्नींच्या समर्थकांनी सांगितलं, ठीक दुपारी 12 वाजता केंद्रावर जा, मत कोणालाही द्या. त्या दिवशी 11:50चा आणि 12:10चा फोटो शेजारी शेजारी छापण्यासारखे होते. रांगेतल्या लोकांचे चेहरे मात्र पुसट करा. आपण पान लावून घरी जातो, त्या माणसाला तिथेच राहायचं असतं. त्याच कारणाने ओळखीच्या रशियन माणसाला फोनवर मत कोणाला दिलं ते विचारू नका.

बातमी लिहायला बसाल तेव्हा पहिल्या वाक्यात ‘अधिकृत निकालानुसार’ हे शब्द आणि मतदानाची टक्केवारी, दुसऱ्या वाक्यात अर्ज बाद झालेल्यांची नावं, तिसऱ्यात कागदी आणि ऑनलाइन मतांमधला फरक. विजेत्याच्या कौतुकाचे संदेश कोणी पाठवले ते जागा उरली तर.