मुंबईहून नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला: खोली भाड्याने घेताना

विद्यापीठाच्या झेर्निके कॅम्पसला सायकलने जायचं असेल तर आधी सेल्वेर्ड, पाडेपूल या भागांत शोधा. जाहिरातीतल्या भाड्यात वीज-गॅस धरलंय का, लेखी विचारा. मुंबईसारखं हेवी डिपॉझिट तिथे चालत नाही: १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत कमाल दोन महिन्यांचं मूळ भाडं. घरमालकाच्या एजंटाने तुमच्याकडे ब्रोकरेज मागणंच बेकायदा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या पत्त्यावर महापालिकेत नोंदणी होणार ना? नसेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडा. नोंदणी अडली की बीएसएन (तिथला सरकारी ओळख क्रमांक) अडतो, मग पार्टटाइम नोकरीचा पगारही लटकतो. 'आधी पैसे टाका, किल्ली कुरियरने पाठवतो' म्हणणारा ठगच समजा. व्हिडिओ कॉलवर खोली बघा. अनफर्निश्ड घरात अनेकदा जमिनीवर उघडं काँक्रीट असतं, लॅमिनेट स्वतः घालावं लागतं.