तीनचाकी सायकलींच्या प्रकल्पाचा अधिवेशनात प्रचार करताना या चुका टाळा

दिव्यांगांना हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली आणि व्हीलचेअर देणाऱ्या प्रकल्पाचा स्टॉल रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या प्रांतीय अधिवेशनात लावला, की गर्दी होते, फोटो निघतात, पत्रके संपतात आणि तरीही पुढच्या दोन महिन्यांत एकाही क्लबकडून गरजूंची यादी येत नाही, अशी तक्रार स्वयंसेवक अनेकदा करतात. याचे कारण सभासदांच्या अनास्थेत शोधण्याआधी स्टॉलवर आपण काय मागितले आणि कोणाकडे मागितले, हे तपासून पाहावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ वाटपाचा आकडा सांगणे. ‘एवढ्या रकमेत एक सायकल’ असे म्हटले, की ऐकणारा धनादेश लिहितो आणि आपले काम झाले असे समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली व्हीलचेअर पुरवठ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नोंदणी, तपासणी, निवड, निधी, साधनाची जुळणी, ते व्यक्तीच्या अंगाला नीट बसवणे, प्रशिक्षण आणि नंतरची देखभाल असे आठ टप्पे आहेत. निधी हा त्यांतील एक टप्पा. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला अनेकदा कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे गादीविना कडक आसनावर तासन्‌तास बसल्याने होणारी जखम त्याला कळत नाही आणि ती चिघळून जिवावर बेतू शकते. हातात पुरेसे बळ नसलेल्या किंवा बसल्यावर तोल न सावरणाऱ्या माणसाला हाताने फिरवायचे पेडल उपयोगाचे नाही. म्हणून देणगीची रक्कम सांगताना गादी, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचा खर्च त्यातच धरावा. आकडा वाढला तरी चालेल. तो प्रामाणिक असतो.

दुसरी चूक महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभागातील जमीन विसरण्याची. खानापूरच्या पश्चिमेकडील पावसाळी गावांत लाल चिखलातून आणि चढणीवरून जायचे असते, तर चिकोडी–निपाणीकडच्या काळ्या मातीत चाके रुततात. सायकल बाजारापर्यंत, शाळेपर्यंत, शेताच्या बांधापर्यंत नेते, पण उंबरा ओलांडून माजघरात येत नाही. व्हीलचेअरचे उलट आहे, आणि तिलाही जागच्या जागी वळायला सुमारे दीड मीटर मोकळी जागा लागते. एका साधनात दोन्ही कामे होतील असे स्टॉलवर कोणी सांगितले, तर पुढे ते साधन अंगणात पडून राहते. अमेरिकेतील मिझुरी राज्यात १९९४ साली लाकडी सांगाड्याच्या, हाताने फिरवायच्या तीनचाकी गाड्यांचे काम सुरू झाले, ते आफ्रिकेतील झाईर देशात, आजच्या काँगोत, रांगत फिरणारी माणसे पाहिलेल्या एका मिशनऱ्याच्या विनंतीवरून. तिथल्या खडबडीत वाटांवर टिकेल असेच ते वाहन हवे होते. आपल्या वाटांचे फोटोही फलकावर लावावेत, म्हणजे अमुकच रचना का निवडली हे पाहणाऱ्याला न सांगता समजते.

स्टॉलवर हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: ‘जयपूर फूट असताना हे कशाला?’ १९६८ च्या सुमारास विकसित झालेला तो कृत्रिम पाय ज्यांचा पाय कापावा लागला आहे त्यांच्यासाठी आहे. दोन्ही पायांत जोर नसलेल्यांची गरज वेगळी आहे, इतके उत्तर पुरे. दुसरा प्रश्न पोलिओचा. रोटरीने १९८५ साली पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली, भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. मात्र त्यापूर्वी ज्यांना हा आजार झाला, त्यांतील कित्येक जण आज मध्यमवयीन आहेत आणि आयुष्यभर हातांवर भार दिल्याने त्यांचे खांदे दुखू लागले आहेत. ज्या संघटनेने मुलांना डोस पाजले, तिनेच या पिढीकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते, आणि तसे थेट बोलायला संकोच करू नये.

होकार मिळूनही काम अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कॅलेंडरात आहे. रोटरी आणि लायन्स या दोन्हींचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. जानेवारी–फेब्रुवारीतील अधिवेशनात उत्साहाने ‘आमचा क्लब करेल’ म्हणणारे अध्यक्ष पुढच्या पाच महिन्यांत पायउतार होतात, आणि नव्या कार्यकारिणीला त्या शब्दाची माहितीही नसते. तेव्हा विद्यमान अध्यक्षांबरोबर नियोजित अध्यक्षांनाही स्टॉलवर बोलवावे, दोघांची नावे व फोन एकाच कागदावर घ्यावेत आणि सायकलींऐवजी त्यांच्याकडून एक ठरावीक गोष्ट मागावी: आपल्या तालुक्यातील तीन गावांत जाऊन गरजूंची पाहणी. कर्नाटकात ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, ज्यांना सगळे व्ही.आर.डब्ल्यू. म्हणतात, त्यांना भेटल्याशिवाय यादी करू नये, कारण घराबाहेर न पडणारी माणसे कोणत्या वाड्यावस्त्यांवर आहेत हे त्यांना ठाऊक असते.

भाषेबाबत हलगर्जी नको. रोटरीच्या ३१७० या प्रांतात बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा एकत्र येतात, म्हणून फक्त इंग्रजी पत्रक ठेवणे म्हणजे अर्ध्या घरांपर्यंत न पोहोचणे होय. मराठी आणि कन्नड मजकूर एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापावा व दोन्ही भाषा सहज बोलणारा एक तरी स्वयंसेवक उभा असावा. निपाणीकडील रुग्ण उपचारासाठी कोल्हापूरला जातात, तेव्हा योजनांविषयी गल्लत होते: दिव्यांगांचे युनिक कार्ड (यूडीआयडी ओळखपत्र) देशभर चालते, राज्याची पेन्शन मात्र रहिवासाप्रमाणेच मिळते.

फोटो लावताना ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारावे, आणि रांगणाऱ्या माणसाचे मोठे चित्र फलकावर लावून दया मागू नये. रोज सायकल वापरणारे दादा किंवा ताई स्टॉलवर स्वतः बोलणार असतील, तर त्यांच्या प्रवासाची, जेवणाची आणि चाकांनी आत जाता येईल अशा स्वच्छतागृहाची सोय आधी पाहावी. व्यासपीठाला उतार नसेल तर आयोजकांना आठवडाभर आधी सांगावे.

अधिवेशनानंतर सात दिवसांच्या आत फोन करावा. पहिल्याच फोनवर तालुक्याच्या गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराचे नाव विचारावे, कारण पावसाळ्यात साखळी गंजणार आणि ट्यूब फुटणार हे नक्की आहे. असा दुकानदार नसेल, तर त्या क्लबला सायकली पाठवण्याआधी तो शोधायला सांगावा.